सुभानरावांच्या डाव्या कानातला दारवान

मित्रांनो, मी एक जुना दारवान आहे. 'जुना' ही झाली माझी पहिली थाप, आणि ती मी लगेच कबूल करतो, म्हणजे पुढच्या तुम्ही सांभाळून घ्याल. आमच्यातला एकेक जण जगतो थोडेच दिवस. मग पेशी त्याला मोडीत काढते आणि त्याच जागी, त्याच पवित्र्यात दुसरा येऊन उभा राहतो. जागा तीच, दोरी तीच, ओढही तीच. म्हणून मी सरसकट 'मी' म्हणतो. हलवायाच्या चार पिढ्या एकाच पाटीखाली बसतात, तेव्हा तुम्ही कुठे कुरकुर करता?

माझं नाव मायोसिन सात-अ. गाव बडोदे. मुक्काम सुभानरावांचा डावा कान.

मायोसिन म्हटलं की शाळेत जाणारी मुलं ओरडतात, "हां, स्नायूतलं!" इथेच माझं डोकं फिरतं. स्नायूतला तो आमचा चुलतभाऊ. दंड फुगवायचे, कुस्त्या मारायच्या, पुस्तकात रंगीत चित्र छापून घ्यायचं, एवढंच त्याला येतं. आणि त्याच्यासारखे आम्ही दिसत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी आम्हा बाकीच्या सगळ्यांना 'अपारंपरिक' असं नाव देऊन एका गोणीत कोंबलं. परंपरा कोणाची? त्याची. आणि आम्ही काय, रस्त्यावरचे?

बघा ना. आमच्यातला पाचवा रंगाच्या पोतड्या पाठीवर घेऊन पेशीच्या पार टोकाला पोचवतो. तुमचे केस काळे आहेत ते त्याच्या पाठीमुळे. तेलाच्या बाटलीवर चित्र मात्र एखाद्या नटीचं. सहावा तर उलट्या खोपडीचा. सगळे ज्या दिशेला चालतात त्याच्या बरोबर विरुद्ध चालतो, आणि पेशीने बाहेरून गिळलेला माल आत ओढून आणतो. दहावा पेशीची बोटं पुढे पुढे सरकवतो. उंदीर असो, गाय असो, की तुम्ही असा, सगळ्यांच्या अंगात आमचा हा गोतावळा राबतो आहे. ॲक्टिन नावाच्या दोरांवर आम्ही चालतो. एटीपी नावाचा एक घास खायचा, एक पाऊल टाकायचं. घास, पाऊल. घास, पाऊल. सुट्टी नाही.

आता माझी नोकरी सांगतो. कानाच्या आत, हाडात कोरलेली, गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी आहे. तिच्यात पाणी, आणि त्या पाण्यात केशपेशी ओळीने बसलेल्या. एकेका पेशीच्या डोक्यावर बारीक केस असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, पुढचा आखूड आणि मागचा त्याहून उंच. आखूड केसाच्या टोकापासून मागच्या उंच केसाच्या कुशीपर्यंत एक दोरी ताणलेली असते. दोरीच्या खालच्या टोकाला एक दार. वरच्या टोकाला मी. आवाज आला की पाणी हलतं, केस झुकतात, दोरी खेचली जाते, दार उघडतं, विजेचे कण आत घुसतात आणि मेंदूला वर्दी जाते. मी काय करतो? दोरी सैल पडू देत नाही. दार पूर्ण मिटू द्यायचं नाही, सताड उघडूही द्यायचं नाही. किलकिलं ठेवायचं, म्हणजे पानावरून मुंगी गेली तरी ते हलेल. जन्मापासून मरेपर्यंत दार किलकिलं. सोपं वाटतं ना? एक दिवस तुमच्या घराचं दार धरून बघा.

शंखाच्या तोंडाशी बसलेल्या पेशी बारीक, उंच स्वर ऐकतात. आत आत जाल तसे स्वर जाड होतात. माझी पेशी अगदी आतल्या टोकाला. माझ्या वाट्याला खर्ज, ढोल, ट्रकची घरघर आणि म्हाताऱ्यांचा खोकला. मांजलपुरात आमच्या फ्लॅटमध्ये बसून हरणीच्या विमानतळावर उतरणारं विमान मला ऐकू यायचं, तेही ते मुंबईहून निघायच्या आधी. बरं, निघाल्यावर. तुम्ही हट्टच धरलात तर, इथे जवळच वासण्यावर आल्यावर.

एक सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. पुढचं सगळं ऐकीव आहे. पण माझ्याइतकं जवळून ते कोणी ऐकलेलं नाही.

सुभानराव तंबोऱ्यांची जवारी काढायचे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक पसरट घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. ती घोडी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने अशी घासायची, की तार तिच्यावर जेमतेम टेकेल आणि सुटेल. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरायची. जमलं, तर एका सा मधून वरच्या स्वरांचा झगमगाट उठतो. नाही जमलं, तर तार नुसती ठण् करते. केसाएवढं जास्त घासलं तर घोडी कामातून गेली. हे मोजायला पट्टी नाही, यंत्र नाही. फक्त कान. गावोगावचे गवई तंबोरे पोत्यात गुंडाळून बडोद्याला आणायचे ते त्या कानासाठी. म्हणजे आमच्यासाठी. पण नमस्कार सुभानरावांना.

त्यांच्या घराण्यात एक गोष्ट चालत आलेली होती. त्यांचे आजोबा दरबारच्या वाद्यकोठीत होते. ते म्हणायचे, तीस वर्षं प्रामाणिकपणे जवारी घासली की तंबोरा कानात उतरतो. मग तो गवसणी घालून कोपऱ्यात ठेवला तरी झंकार कानात सुरूच राहतो. आजोबांना तो उतरला होता. वडिलांना नाही उतरला. ते त्या दुःखात गेले. सुभानराव पंचावन्नचे झाले तरी वाट बघत होते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, श्वास धरून, शांततेला कान लावून बसायचे. मी आत ताटकळत. दूधवाल्याची सायकल ऐकू यायची, बाकी काही नाही.

साल चौऱ्याण्णव. बाजारात पेटीतला तंबोरा आला होता. बटण दाबलं की सा. जवारीची कामं कमी होऊ लागली, आणि त्यातच सुभानरावांचा जुना खोकला परतला. बारा वर्षांपूर्वी क्षयाच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या, त्याचं हे फळ. ह्या खेपेला त्या गोळ्या लागू पडेनात. डॉक्टरांनी कॅनामायसिनच्या सुया लिहून दिल्या, रोज एक.

डॉक्टर भला माणूस. त्याने सुभानरावांना समोर बसवून सावकाश सांगितलं, "सांभळजो काका, आ दवा कान बगाडी शके. सीटी वागे, तमरां बोले, कंई पण थाय, तो ते ज दिवसे आवी जजो. दवा बदलीशुं." शिट्टी वाजो, रातकिडे ओरडोत, काहीही होवो, त्याच दिवशी यायचं, औषध बदलू. एवढं स्वच्छ. मोहना, म्हणजे सुभानरावांची मुलगी, शेजारीच बसली होती. शाळेत शिकवते ती. तिने वहीत लिहून घेतल्याचा पेनाचा आवाजही मी ऐकला, असं मी म्हणू शकतो, पण तो बारीक आवाज. तो पुढच्या बाकावरच्या मंडळींनी ऐकला असणार.

सुया सुरू झाल्या. आणि मित्रांनो, इथे माझ्या गुन्ह्याची गोष्ट येते.

ते औषध रक्तातून शंखाच्या पाण्यात आलं. पेशीच्या भिंतीतून त्याला सहज आत जाता येईना. मग त्याला आमचं दार सापडलं. किलकिलं. जे मी जन्मभर इमानाने ओढून धरलं होतं, तेच. मुंगीच्या पावलासाठी उघडं ठेवलेल्या फटीतून विष आत आलं, आणि एकदा आत आलेलं बाहेर जाईना. ज्या बहिऱ्या उंदरांच्या कानात आमचीच जात बिघडलेली असते, त्यांच्या केशपेशी ह्या औषधाने मरत नाहीत. दारच धड उघडत नाही ना! मी आळशी असतो तर सगळे वाचले असते. आयुष्यभराच्या चोख नोकरीचं हे बक्षीस.

आधी शंखाच्या तोंडाशी बसलेले गेले. उंच स्वरांचे. मरताना पेशी गप्प मरत नाही आणि मेंदूही गप्प बसत नाही. जिथून वर्दी यायची बंद होते, तिथे तो स्वतःच काहीतरी वाजवत बसतो.

सहाव्या आठवड्यातली सकाळ. मोहनाची लूना खाली धडधडत होती, शाळेत निघायची घाई. एवढ्यात सुभानराव हसले. क्षयाच्या माणसाला हसू परवडत नाही, पाठोपाठ खोकला आला, पण ते हसत राहिले.

"मोहना! अगं मोहना, वर ये! तंबोरा उतरला!"

ती जिना चढून आली. "कुठून उतरला? पडला की काय? गवसणीत तर आहे."

"कानात उतरला. डाव्यात आधी. आता उजव्यात पण. अगं, झंकार आहे नुसता... तारेच्या सा च्याही वर. एक क्षण थांबत नाही."

ती हळू म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, कानात काहीही वाजलं तर..."

"डॉक्टरला काय कळतंय? त्याच्या कानात आयुष्यात कधी सा वाजलाय? तो रातकिड्यांचं बोलत होता. पंचावन्न वर्षांच्या माणसाला रातकिडा आणि षड्ज वेगळा कळत नाही होय?"

"पण बाबा, विचारून तर घेऊ."

"विचारशील आणि ते सुई थांबवतील. सुई थांबली की छाती गेली. आणि वर म्हणतील, काका, कान तपासा, घासायचं बंद करा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. नयनाबेनकडे अवाक्षर काढायचं नाही."

नयनाबेन म्हणजे दवाखान्यातली सुई देणारी नर्स. त्या वर्षी सुरतेत प्लेग उठला होता. बडोद्यातही सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत. नयनाबेन रुमालाआडून दर सोमवारी न चुकता विचारायची, "काका, कान मां कंई वागे छे?"

"ना रे बेन," सुभानराव म्हणायचे. "एकदम शांती."

आणि ती कागदावर तसं लिहायची. तिचा काय दोष? कानाच्या आतलं बाहेरून दिसत नाही. माणसाने सांगायचं असतं, आणि माणूस खोटं बोलत होता. मी थापा मारतो मित्रांनो, पण माझ्या थापेने कोणाची सुई चालू राहिली नाही.

गणपतीत हरणीहून विजयमालाआत्या आल्या. सुभानरावांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, आवाज जाडाभरडा, म्हणजे थेट माझ्या खात्यात जमा होणारा. जेवताना सुभानरावांनी त्यांना अभिमानाने सांगितलं, "आत्या, आजोबांचा तंबोरा मला उतरला."

आत्यांनी घास खाली ठेवला. "कसला तंबोरा रे?"

"तोच. आजोबांच्या कानात वाजायचा तो."

"सुभान, माझे बाबा होते ते. मी त्यांच्या मांडीवर वाढले. ठार बहिरे झाले होते शेवटी. आम्ही पोरी मागे उभ्या राहून ताटली आपटायचो, मान वळायची नाही. कान नुसते वाजायचे त्यांचे. रडायचे त्यापायी. दरबारात कळलं तर वाद्यकोठीतून काढतील, म्हणून ती गोष्ट रचली. शेवटची दोन वर्षं तंबोरे तुझे वडील लावायचे, अंधारात बसून. मग तुझे वडीलच ती गोष्ट खरी धरून बसले, त्याला आम्ही काय करायचं?"

मोहनाने पाण्याचा पेला जोरात ठेवला. "ऐकलंत बाबा?"

"आत्या, तू म्हातारी झालीस," सुभानराव म्हणाले. आवाजात राग होता. "तुला आता काही आठवत नाही."

"झाले म्हातारी. पण ऐकू येतं मला. तुला मघापासून मी तीनदा मीठ मागते आहे."

मोहनाने मीठ वाढलं असावं. जेवण तसंच संपलं.

तुम्हाला वाटेल, इथे शहाण्याने दवाखाना गाठला असता. पण विचार करा. त्या माणसाचे वडील वाट बघत गेले. तो स्वतः वर्षानुवर्षं पहाटे श्वास धरून बसला. बाहेर पेटीतला तंबोरा त्याचं काम खात होता. आणि आता कुठे कोणीतरी आतून त्याच्या कामावर शिक्का मारला होता. तो शिक्का खोटा आहे, असं म्हणायला छाती लागते, आणि छाती तर पोखरलेली. सुभानराव दुसऱ्या दिवशी सुईला गेले. नयनाबेनने विचारलं. "शांती," ते म्हणाले.

मग काम बिघडू लागलं. जवारीचा जीव असतो वरच्या स्वरांत, आणि वरचे स्वर ऐकणारे आमचे भाऊबंद मेलेले. सुभानराव तार छेडायचे. मला खर्ज नीट यायचा, मी वर्दी द्यायचो. पण त्याच्या डोक्यावरचा झगमगाट त्यांना ऐकू येईना. त्यांना वाटायचं, अजून उघडली नाही जवारी, अजून थोडं घासू. कानशीचा आवाज खर्र, खर्र, माझ्या पायाखाली. मी ओरडत होतो, थांबा, झाली, मघाशीच झाली! पण मला फक्त ओढता येतं. ओरडता येत नाही. आणि डोक्यातला तो फुकटचा झंकार इतका गोड, की कधीकधी त्यांना वाटायचं जमली, आणि ते तंबोरा देऊन टाकायचे.

एका महिन्यात पाच घोड्या गेल्या. तंबोरे घेऊन गेलेली गाणं शिकणारी मुलं फोन करायची. मोहना फोनवर सांगायची, हवा दमट आहे, पावसाळ्यानंतर बसेल. थाप मारायला तीही शिकली. घराणंच आहे.

नवरात्र आलं. गरब्याच्या मैदानात ह्या वर्षी नवे मोठे स्पीकर लागले होते, ढोल माझ्या छातीत बसत होता, पण बायकांच्या टाळ्या गेल्या. दिवाळीत फटाक्यांचा नुसता धप्पा उरला, फुलबाजी मुकी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोहनाने पाठीमागून "बाबा, चहा" असं चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं नाही. लूना काढली आणि सरळ दवाखान्यात गेली.

तिने शपथ मोडली. तुम्ही तिला नावं ठेवू नका. मी ठेवतो. तीन महिने आधी का नाही मोडलीस, म्हणून.

सुया त्याच दिवशी थांबल्या. दुसरं औषध सुरू झालं. नयनाबेन सुभानरावांसमोर उभी राहून म्हणाली, "काका, हुं तो दर सोमवारे पूछती हती! दर सोमवारे!"

"काय म्हणते ती?" सुभानरावांनी मोहनाला विचारलं.

सुई थांबली तरी पेशींत शिरलेलं विष थांबत नाही. पुढचे दोन महिने ते आतल्या वळणावर चढत राहिलं, एकेक ओळ गिळत. माझ्या टोकाशी येऊन दमलं. मी वाचलो. माझ्या बाजूच्या थोड्या पेशी वाचल्या. तळाशी पाच-सहा जाड स्वर, बाकी सगळा शंख रिकामा. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, अख्खं बडोदे गच्च्यांवर चढून ओरडत होतं. आमच्याकडे लांब कुठे ट्रक चालल्यासारखं काहीतरी पोचलं. झंकार मात्र सुरूच. तो वाचला. सुभानरावांची छातीही वाचली. एक्स-रे स्वच्छ आला म्हणे. डॉक्टरने पाठ थोपटली, तो धप्पा मी स्पष्ट ऐकला.

गंमत ऐका. पंच्याण्णव साली शास्त्रज्ञांना माझा पत्ता लागला. काही माणसं जन्मतः बहिरी असतात आणि पुढे त्यांची दृष्टीही जाते. काही उंदीर बहिरे असतात आणि डोकं हलवत गोल गोल फिरतात. का, म्हणून शोधता शोधता माझी बिघडलेली पाककृती, म्हणजे जनुक, सापडली. त्याच वर्षी सहाव्याचंही नाव लागलं, तेही गिरक्या घेणाऱ्या बहिऱ्या उंदरांवरून. हजारो पिढ्या चोख काम केलं तेव्हा आम्ही नव्हतोच. जिथे आम्ही मोडलो, तिथे आम्ही दिसलो. वर्तमानपत्रात ते आलं असेलही. सुभानरावांच्या घरात मोठ्याने वाचून दाखवणं तोवर बंद झालं होतं.

पतंगांनंतर महिन्याभराने निरुपमाबाई तंबोरा घेऊन आल्या. संगीत शिकवणाऱ्या बाई, तोंडाच्या फटकळ. सुभानरावांच्या कामावर त्यांचं कधीच पटकन समाधान व्हायचं नाही. पंचम जरा कोरडा आहे, खर्ज घोगरा आहे, पुन्हा बसा, असं तास तास भांडण चालायचं, आणि दोघांनाही ते आवडायचं. सुभानरावांचे कान गेल्याचं बडोद्यात तोवर सगळीकडे कळलं होतं. तरी बाई आल्या. सुभानराव बसले. खर्र, खर्र. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग त्यांनी चारही तारा छेडल्या आणि तंबोरा बाईंच्या पुढे केला.

बाईंनी तार छेडली. मला कळलं. खर्जसुद्धा लाकडावर आपटल्यासारखा.

आणि निरुपमाबाई लगेच म्हणाल्या, मोठ्याने, शब्द तोडून तोडून, "वा! छान! झाली!"

सुभानरावांनी त्यांचं तोंड बघितलं असावं. त्यांचा श्वास थांबला. पहाटे थांबायचा तसा नाही. बाई तंबोरा उचलून, जवळजवळ पळतच, जिना उतरल्या.

"मोहना," सुभानराव म्हणाले, "इकडे ये. डाव्या कानाशी. जाड आवाजात बोल. तंबोरा कसा बोलत होता?"

मोहना कानाशी वाकली. तिच्या श्वासाची फुंकर मला लागली. ती खर्जात म्हणाली, "बाबा, घोडी गेली."

"ही एकच?"

"गणपतीपासूनच्या सगळ्या."

नुसता तो झंकार, मेंदूने स्वतःची समजूत घालायला लावलेला. मग सुभानराव म्हणाले, "आत्याला फोन लाव. मी म्हातारा झालो म्हणून सांग."

पुढच्या सोमवारी ते दवाखान्यात गेले. सुईच्या रांगेसमोरच्या बाकावर जाऊन बसले. कंपाउंडरने हटकलं, नयनाबेनने त्याला गप्प केलं. सुभानराव येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "कानात काही वाजतं का?" लोक काहीतरी उत्तर द्यायचे. ते त्यांना ऐकू यायचं नाही. लोक त्यांना खुळा समजून पुढे सरकायचे. तीन सोमवार असेच गेले. मला शरमेने दोरी सोडून द्यावीशी वाटली. मग त्यांनी विचारायची रीत बदलली.

"बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. नुसती मान हलव. कान वाजतो?"

चैत्रात एक बाई आली. दाहोदकडची, मजुरीवर असणारी, नयनाबेनला कायम 'कंई नथी' सांगणारी. कान वाजतो म्हटलं तर रेशनसारखं औषधच बंद करतील अशी तिला धास्ती. हे मला नंतर मोहनाच्या बोलण्यातून कळलं. सुभानरावांनी तिलाही विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणजे मान हलवली असणार, कारण पुढच्याच क्षणी सुभानराव ओरडले, "नयनाबेन! आ बेन ना कान वागे छे!" त्यांचा स्वतःचा आवाज कवटीतून थेट माझ्यावर आदळला. इतक्या जोराने दोरी ह्याआधी कधी खेचली गेली नव्हती.

तिची सुई त्या दिवशी बदलली. तिच्या कानातल्या माझ्या भाऊबंदांनी कोणाचे आभार मानले नाहीत. त्यांना काही कळलंच नाही. ते दारं धरून उभे आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात. खाटकाच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही ही सोय आहे. तुम्हाला नाही. गाईला नाही, उंदराला नाही, कुठल्याच सस्तन प्राण्याला नाही. जन्मताना मोजून मिळतात त्याच, आणि गेल्या की शंख रिकामा. सुभानराव अजून दर सोमवारी त्या बाकावर बसतात, आणि मी अजून दोरी ओढून धरतो आहे, पाच-सहा स्वरांसाठी. तुमच्या कानात आज काही वाजत असेल, मग ते कितीही गोड असो, तर त्याची गोष्ट रचू नका. विचारणाऱ्याला खरं सांगा. कोणी विचारत नसेल, तर आपण होऊन जा आणि सांगा. त्याच दिवशी.